एका नावाचा पुरावा

जानेवारी महिना आला की आमच्याकडे कार्यक्रमांची गर्दी होते. ३ तारखेला सावित्रीबाई फुले यांची जयंती आणि ९ तारखेला फातिमा शेख यांची. मुलींच्या शाळांत, मोहल्ल्यातल्या वाचनालयांत दोघींचे फोटो शेजारी शेजारी ठेवले जातात, हार घातले जातात, भाषणे होतात. आमच्या लहानपणी फातिमा शेख हे नाव आमच्या कानावर आले नव्हते. आज आमच्या मुली ते अभिमानाने घेतात, याचा आम्हाला आनंद आहे. त्या आनंदाच्या भरात आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगावी म्हणून हा लेख.

आम्ही काही शिक्षक मिळून एम. ए. करणाऱ्या मुलामुलींना सेमिनारसाठी निबंध तयार करायला मदत करतो. बहुतेकजण घरातले पहिलेच पदवीधर. घरी दख्खनी, शाळेत मराठी किंवा उर्दू आणि कॉलेजात संदर्भग्रंथ इंग्रजीत, अशी त्यांची तिहेरी कसरत चाललेली असते. त्यातल्याच एका मुलीने फातिमा शेख यांच्यावर निबंध लिहिला. आम्ही तो वाचला, शुद्धलेखन सुधारले, दोनदा तिच्याकडून म्हणून घेतला. सेमिनारात ती सुरेख बोलली. शेवटी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी शांतपणे विचारले, "बेटा, जन्मतारीख तू ९ जानेवारी १८३१ दिली आहेस. तिचे मूळ साधन कोणते?" मुलीने तळटीप वाचून दाखवली. एका छोट्या पुस्तिकेचे नाव होते. "आणि त्या पुस्तिकेत ती कुठून आली?" मुलगी गप्प झाली. मागच्या रांगेत बसलेले आम्हीही माना खाली घालून बसलो. कारण हा प्रश्न तिला सर्वांत आधी आम्ही विचारायला हवा होता.

परतताना एस. टी.त ती म्हणाली, "सर, मग मी सांगितले ते सगळे खोटे का?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर मूळ कागदाकडे जाणे भाग होते.

डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' १९८८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे. आजारपणामुळे सावित्रीबाई तेव्हा नायगावला माहेरी होत्या. तुम्ही नवराबायको महार-मांगांना शिकवता म्हणून वाळीत पडलात, असे बोलणाऱ्या भावाला आपण काय उत्तर दिले, ते त्यांनी या पत्रात लिहिले आहे. प्रकृती सुधारली की पुण्याला येईन, काळजी करू नये, असेही त्या कळवतात. आणि त्याच ओघात फातिमाची आठवण काढतात. तिला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे ते वाक्य आहे.

एवढेच. आम्ही त्या मुलीला घेऊन बसलो आणि या एका वाक्यावर दुपार घालवली. हे वाक्य काय सांगते? १८५६ साली पुण्यात फातिमा नावाची एक स्त्री होती. सावित्रीबाई गावी गेल्यावर जादा भार जिच्यावर पडावा, इतकी ती त्यांच्या कामात गुंतलेली होती. तिचा स्वभाव सावित्रीबाईंना ठाऊक होता. आणि 'फातिमा' एवढे म्हटले की कोण, हे जोतीरावांना कळत होते. ओळख करून द्यावी लागत नव्हती. एका वाक्यातून एवढे निघते, आणि ते थोडे नाही.

आता ते काय सांगत नाही, तेही पाहू. त्यात आडनाव नाही. जन्मतारीख नाही. ती कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गाला शिकवत होती, तिचे स्वतःचे शिक्षण कुठे झाले, याबद्दल एक अक्षर नाही. 'पहिली मुस्लिम शिक्षिका' ही पदवी पत्राने दिलेली नाही. ती नंतरच्यांनी दिली. जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला, फातिमा त्यांची बहीण, ही हकीकत चरित्रांतून आणि सांगण्यातून आपल्यापर्यंत आलेली आहे. ती खोटी म्हणण्याचे कारण नाही. पण पत्राचे वजन वेगळे आणि मागाहून लिहिलेल्या हकिकतीचे वेगळे. निबंधात दोन्ही यावीत, फक्त आपापल्या नावाने यावीत.

आमचा घोटाळा नेमका इथे झाला होता. एका पुस्तिकेने लिहिले, दुसरीने तिच्यावरून घेतले, तिसरीने दोन्ही वाचून थोडे रंगवले. २०२२ च्या ९ जानेवारीला गुगलने आपल्या पानावर फातिमा शेख यांचे चित्र झळकवले आणि तारखेवर जणू शिक्कामोर्तब झाले. दहा ठिकाणी छापले म्हणजे दहा पुरावे होत नाहीत. नऊ जणांनी एकाचे उतरवून घेतलेले असले तर पुरावा एकच राहतो, आणि तोही तपासायचा असतो.

मग २०२५ चा जानेवारी उजाडला. फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, अशी कबुली एका लेखकाने समाजमाध्यमावर दिली आणि गदारोळ उडाला. आमच्या मुलांचे फोन आले. कुणी रडवेले, कुणी चिडलेले. आम्ही त्यांना १९८८ चा ग्रंथ उघडायला सांगितले. जे नाव तेव्हाच छापून आलेले आहे, ते पुढे कुणी रचले असे कसे म्हणता येईल? त्या वादात पत्र आमच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. मात्र जन्मतारखेवर बोट ठेवले गेले तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. शंका घेणाऱ्याला आत यायला जागा मिळाली ती आम्हीच उघड्या ठेवलेल्या दारातून. ज्याचे नाव पुसले जाण्याचा धोका आहे, त्याच्याबद्दल तर आपण एक शब्दही जादा बोलू नये, हे आम्ही तेव्हा शिकलो.

काही जण म्हणतात, असे काटेकोरपण आपल्यालाच का? इतरांचे चालते ना! नाही चालत. शिवाजी महाराजांचे म्हणून एका इब्राहीमखानाचे चित्र महाराष्ट्रात प्रचलित होते. वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र शोधून १९३३ साली ते लोकांपुढे आणले. जुने चित्र गेले म्हणून महाराज लहान झाले नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळत राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे ती बावीस खंडांपर्यंत गेली. कागदाशिवाय बोलू नये, ही शिस्त मराठी इतिहासलेखनाला अशा श्रमातून लागली. ती आपलीही आहे.

साधने शोधायची तर कुठे, असे मुले विचारतात. १८५० च्या दशकातल्या पुण्याच्या शाळांसाठी त्या वेळच्या शिक्षण मंडळाचे आणि नंतरच्या शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल आहेत. 'ज्ञानोदय' १८४२ पासून निघत होते. जोतीरावांच्या शाळांना दक्षिणा फंडातून मदत मिळत होती, तेव्हा त्या फंडाचे कागद पाहायला हवेत. मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत अर्ज करून बसावे लागते. पहिल्या दिवशी काही सापडत नाही, आठव्या दिवशी एखादी ओळ सापडते. आणि एक दप्तर आपल्या घरातच असते. काझींच्या घरची निकाहाची रजिस्टरे, दर्ग्यांच्या सनदा, वक्फाचे दस्त, आजोबांच्या ट्रंकेतली मोडी आणि फारसी पाने. ग. ह. खरे, सेतुमाधवराव पगडी यांनी मेहनतीने फारसी साधने मराठीत आणली. त्याच लिपीतली आपल्या घरची पाने मात्र आपण वाळवीच्या हवाली केली. आज मोडी वाचणारे आणि फारसी लावणारे आपल्यात किती? आमच्या मते एखाद्या सत्कारसमारंभाचा खर्च वाचवून दोन मुलांना मोडीच्या वर्गाला पाठवले, तर फातिमाबींचा तो अधिक खरा सन्मान होईल.

आता आमच्या बैठकीत मदतीची रीत बदलली आहे. निबंध हातात आला की आधी प्रत्येक वाक्यासमोर मुलाने लिहायचे: हे समकालीन कागदातले, हे नंतरच्या चरित्रातले, हे लोकांच्या सांगण्यातले. ज्यासमोर काहीच लिहिता येत नाही ते वाक्य काढायचे. मूळ कागद पाहिला की छापील संहिता, हे स्पष्ट सांगायचे. सावित्रीबाईंचे पत्रही आम्ही छापील संहितेवरूनच सांगतो. फोटो दाखवायचा तर तो कुणी काढला, कुठून आला, त्याखाली नावे प्रथम कुणी लिहिली, हे विचारायचे. आणि सर्वांत अवघड गोष्ट, सभेत उभे राहून न घाबरता म्हणायचे: "इथपर्यंत पुरावा आहे, इथून पुढे नाही."

त्या मुलीने निबंध पुन्हा लिहिला. तो आधीपेक्षा निम्मा झाला. तिने तो आधी मोहल्ल्यातल्या वाचनालयात बायकांसमोर वाचावा, असे आम्ही सुचवले. ती पत्र हातात घेऊन उभी राहिली. एक नाव, एक वाक्य आणि त्यातून निघणारे चार मुद्दे तिने सांगितले. जन्मतारखेला आधार सापडत नाही, हेही सांगितले. आम्हाला वाटले होते, बायका नाराज होतील. पुढे बसलेल्या एक खाला म्हणाल्या, "अगं, माझी तरी कुणी लिहून ठेवली? शाळेत मास्तरांनी १ जून टाकली, तीच चालू आहे." सगळ्या हसल्या. मग त्याच खालांनी विचारले, "पण ती कुरकुर करत नव्हती, हे पक्के ना?"

"सावित्रीबाईंचा तसा विश्वास होता, हे पक्के," मुलगी म्हणाली.

ते उत्तर आम्ही तिला शिकवलेले नव्हते.