धोब्याची खूण आणि बिब्ब्याचे रसायन

1943 साली आसामच्या पूर्व टोकाला, मार्गेरिटा येथे, अमेरिकी लष्कराचे 20 वे जनरल हॉस्पिटल कार्यरत झाले. लेडोहून ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम सुरू होते आणि हिवताप व आमांशाच्या रुग्णांनी खाटा भरलेल्या होत्या. त्या काळात काही सैनिक निराळीच तक्रार घेऊन डॉक्टरांकडे येऊ लागले. मानेच्या मागे, कमरेशी किंवा घोट्याजवळ त्वचेवर लहानसा लाल चट्टा उठे, त्याला असह्य कंड सुटे आणि त्यावर पाण्याचे फोड येत. चट्ट्याची जागा मात्र बोलकी होती. कपड्याच्या आतल्या बाजूला जिथे धोब्याने काळी खूण केलेली असे, नेमकी तिथलीच त्वचा बिघडे. लिविंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या डॉक्टरांनी त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. 'धोबी मार्क डर्माटायटिस' हे नाव त्वचारोगशास्त्रात तेव्हापासून रुळले.

खूण होती बिब्ब्याची. शेकडो घरांचे कपडे एकाच घाटावर धुतले जात असताना एकाचा सदरा दुसऱ्याकडे जाणे हा धोब्याच्या व्यवसायातील सर्वांत मोठा धोका. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक चिन्ह ठरलेले असे: ठिपके, रेघा, एखादे अक्षर. अट एवढीच, की ते चिन्ह भट्टीत, सोड्यात आणि दगडावरच्या आपटण्यात टिकले पाहिजे. सामान्य शाई तिथे तग धरत नाही. बिब्ब्याच्या कवचातील तेलकट रस चुन्याबरोबर वापरला की सुती कापडावर काळा डाग उमटतो आणि तो कापड फाटेपर्यंत जात नाही. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनाही या झाडाचा हाच गुण मोलाचा वाटला असावा. धाकट्या लिनियसने दिलेल्या सेमेकार्पस अॅनाकार्डियम या नावातील पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थच 'खुणेचे फळ' असा आहे.

या रसाचे रसायन भारतातच उलगडू लागले होते. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दीकी देशी औषधींचे पृथक्करण करत होते. सर्पगंधेतून अजमलीन वेगळे करणारे तेच हे संशोधक. 1931 मध्ये पिल्ले आणि सिद्दीकी यांनी बिब्ब्याच्या रसातील घटकांवरील काम प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य घटक भिलावनोल म्हणून ओळखला जातो. त्याच्या रेणूला दोन टोके आहेत. एकीकडे कॅटेकोल, म्हणजे शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेले वलय. दुसरीकडे 15 कार्बन अणूंची लांब साखळी. हवेतील ऑक्सिजनने कॅटेकोल काळे पडते आणि चुन्याच्या अल्कतेमुळे ही क्रिया वेगाने घडते. साखळीमुळे तो पदार्थ पाण्यात विरघळत नाही. खूण पक्की होण्याचे कारण हेच.

त्वचेचा बिघाडही याच दोन टोकांमुळे होतो. साखळीमुळे रेणू त्वचेच्या स्निग्ध थरातून आत शिरतो. कॅटेकोलचे ऑक्सिडीकरण होऊन ते तेथील प्रथिनांना चिकटते आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्या प्रथिनांना परके समजू लागते. पुढच्या संपर्कात एक-दोन दिवसांनी दाह उसळतो. 1942 मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगवरील प्रयोगांत दाखवले होते, की अशी संवेदनशीलता एका प्राण्यातून दुसऱ्यात जाते ती रक्तद्रवातून नव्हे, तर पेशींमार्फत. म्हणजे आसामातील सैनिकांच्या मानेवर जे घडत होते, त्याची यंत्रणा नुकतीच प्रयोगशाळेत उमगू लागली होती. शिवाय उत्तर अमेरिकेतील पॉयझन आयव्ही ही वेल बिब्ब्याच्याच कुळातली, आणि तिचे विषही त्याच घडणीचे. तिला संवेदनशील झालेले शरीर बिब्ब्यालाही तसेच उत्तर देते. त्यामुळे भारताच्या भूमीवर पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्याचे शरीरही या शत्रूला आधीपासून ओळखत असणे शक्य होते.

महाराष्ट्रात हे ज्ञान फार जुने आहे. 'बिब्बा उतणे' हा शब्दप्रयोगच त्याची साक्ष देतो. त्याच फळातील गोडंबी लाडवात पडते आणि आयुर्वेदात भल्लातक रसायन म्हणून योजतात, पण शोधन केल्याशिवाय नव्हे. न्यायवैद्यकाला बिब्ब्याची ओळख वेगळ्याच कारणाने आहे. खोटी फिर्याद करण्यासाठी त्याचा रस अंगावर चोळून मुका मार लागल्याचा देखावा केला जाई. खऱ्या माराच्या डागावर बारीक फोड व खाज नसते, बिब्ब्याच्या डागावर असते. हा फरक भारतीय वैद्यक विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला.

धोब्यावर मात्र एक आरोप नाहक चिकटला. जांघेतील गजकर्णाला इंग्रज लोक 'धोबी इच' म्हणत आणि दोष धुलाईला देत. तो विकार बुरशीचा. उष्ण, दमट हवा आणि घाम हे तिचे पोषक. बिब्ब्याच्या खुणेशी त्याचा काही संबंध नाही. तरीही जुन्या इंग्रजी लिखाणात ही दोन्ही नावे इतकी जवळ आली, की आजही वाचताना कोणता विकार अभिप्रेत आहे हे चट्ट्याच्या जागेवरूनच ठरवावे लागते.