विक्रेत्याचा शब्द आणि तिऱ्हाइताची तपासणी

माहितीच्या सुरक्षेचा पुरवठादार निवडताना आपण बहुधा तीन गोष्टी पाहतो: कंपनीचे नाव, तिचा देश आणि तिचे जुने गिऱ्हाईक. या तिन्ही कसोट्यांवर क्रिप्टो एजी ही स्विस कंपनी शंभर टक्के उतरत होती. मूळचे स्वीडनचे बोरिस हागेलिन यांनी ती १९५२ साली त्सुग येथे काढली. त्यांच्याच रचनेची एम-२०९ ही सांकेतिक संदेशांची छोटी यंत्रे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी सुमारे १,४०,००० इतक्या संख्येने बनवली गेली होती. त्या नावलौकिकावर आणि तटस्थ देशाच्या पुण्याईवर पुढच्या काही दशकांत १२०हून अधिक देशांनी या कंपनीची यंत्रे घेतली. त्यांत भारत होता आणि पाकिस्तानही. फेब्रुवारी २०२० मध्ये वॉशिंग्टन पोस्ट आणि जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीने कागदपत्रांच्या आधारे उघड केले, की ही कंपनी १९७० सालीच अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या गुप्तचर संस्थांनी मिळून गुपचूप विकत घेतली होती. बीएनडी १९९३ मध्ये बाहेर पडली; सीआयएची मालकी २०१८पर्यंत टिकली. यंत्रांची रचना मुद्दाम कच्ची ठेवली जात होती; म्हणजे आपलेच संदेश दुसऱ्याला वाचता यावेत यासाठी अनेक सरकारे इतकी वर्षे पैसे मोजत होती.

हे इतका काळ दडून राहिले, कारण कच्चा संकेत आणि पक्का संकेत बाहेरून सारखेच दिसतात. बटणे दाबली की मजकुराची अक्षरे विस्कटतात आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा जुळतात. वापरणाऱ्याला यापलीकडे काही कळत नाही. खोट दिसते ती आतली गणिती रचना तपासणाऱ्यालाच. पीटर फ्रुटिगर हे कंपनीचे अभियंते सीरियाच्या तक्रारींसाठी दमास्कसला जात. तिथल्या यंत्रांतले दोष त्यांनी परस्पर दुरुस्त केले, असे दिसते. सीरियाचे संदेश एकाएकी वाचता येईनासे झाल्यावर अमेरिकेकडून तक्रार आली आणि १९७७ मध्ये फ्रुटिगर यांना कामावरून काढण्यात आले. १९७८ मध्ये रुजू झालेल्या मेंगिया काफ्लिश यांनाही रचनेतला कच्चेपणा जाणवला. त्यांच्या सहभागाने बनलेल्या एका भक्कम यंत्राचे पन्नासएक नग तयार होताच वरिष्ठांनी ते काम थांबवले. म्हणजे जाणकार नजर पडली की खोट सापडत होती. पण ती नजर कंपनीच्याच पगारावर होती. गिऱ्हाइकाच्या वतीने आत डोकावणारे कोणीच नव्हते.

म्हणून तपासणी तिऱ्हाइताकडून व्हावी. यावर पहिला आक्षेप असा, की आतली रचना बाहेरच्यांना दाखवली तर शत्रूचेच फावेल. याचे उत्तर १८८३ सालीच मिळाले आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी फ्रेंच लष्करी नियतकालिकात तत्त्व मांडले, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी अडचण येता कामा नये. जपायची ती संदेश उलगडणारी किल्ली. आज बँकांपासून फोनपर्यंत वापरली जाणारी एईएस पद्धत जगभरच्या गणितज्ञांच्या खुल्या छाननीनंतर, २००१ साली अमेरिकेत मानक ठरली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लेखापरीक्षण होऊनही घात होतोच की! नेदरलँड्सची डिजिनोटार कंपनी संकेतस्थळांच्या खरेपणाचे दाखले देत असे आणि तिची नियमित तपासणीही होत होती. तरीही २०११ मध्ये घुसखोरांनी तिच्या यंत्रणेतून पाचशेहून अधिक खोटे दाखले काढले. गूगलच्या नावाच्या खोट्या दाखल्याने इराणमधल्या सुमारे ३ लाख वापरकर्त्यांवर पाळत ठेवली गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले. नंतर फॉक्स-आयटी या बाहेरच्या संस्थेने पाहणी केली, तेव्हा तपासलेल्या सर्व्हरांवर विषाणूरोधक नव्हता आणि पासवर्ड सहज फुटण्याजोगा होता. हे उदाहरण मी तपासणीविरुद्ध मानत नाही. ते वरवरच्या तपासणीविरुद्ध आहे, कारण कागद पाहणाऱ्यांना न दिसलेली खोट यंत्रे उघडणाऱ्या तिऱ्हाइतालाच दिसली.

म्हणून प्रमाणपत्राची चौकट पाहून थांबू नये, अहवाल मागावा. पुरवठादाराच्या सुरक्षाव्यवस्थेवर स्वतंत्र लेखापरीक्षक देतात त्या ‘सॉक २’ अहवालाचा पहिला प्रकार ठरावीक दिवशीची व्यवस्था तपासतो. दुसरा प्रकार ती व्यवस्था काही महिने प्रत्यक्ष पाळली गेली का, हे पाहतो. कोणत्या सेवा तपासल्या, कोणत्या वगळल्या, कोणते अपवाद नोंदवले, ही पाने आधी वाचावीत. छोट्या पतसंस्थेला स्वतःची तपासणी परवडणार नाही हे खरे. पण अहवाल मागायला आणि वाचायला खर्च येत नाही. वार्षिक सभेत लेखापरीक्षकाचा अहवाल मांडल्याशिवाय हिशेब न स्वीकारण्याची सवय महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना आहेच. पैशाला लावतो तीच कसोटी सभासदांच्या माहितीलाही लावा, आणि जो पुरवठादार अहवाल दाखवायला नकार देईल, त्याच्याशी करार करू नका.