क्ष-किरणांचे हुतात्मे

इ. स. १८९५ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील वुर्त्झबुर्ग येथें रंटजेन या शास्त्रज्ञास क्ष-किरणांचा शोध लागला. पुढील फेब्रुवारींतच बर्मिंगहॅमचे डॉ. हॉल-एडवर्ड्स यांनीं या किरणांच्या छायाचित्रावरून शस्त्रक्रियेची दिशा ठरविली. कातडी न फाडतां हाड दिसूं लागलें, याचें जगास मोठें नवल वाटलें. परंतु, श्रोतेहो, जो किरण डोळ्यांस दिसत नाहीं, त्याची आंचहि अंगास लागलीच जाणवत नाहीं. आणि घात झाला तो तेथेंच.

यंत्राची शक्ति अजमावण्यासाठीं त्या काळीं माणसें स्वतःचाच हात किरणांपुढें धरीत. हाडें स्पष्ट दिसलीं म्हणजे यंत्र ठीक! अमेरिकेंत एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली हा असेंच करीत राहिला. प्रथम कातडी भाजली, मग व्रण चिघळले, शेवटीं कर्करोग जडला. दोन्ही हात कापूनहि तो वांचला नाहीं. १९०४ सालीं तो वारला. त्याची दशा पाहून एडिसननें हाय खाल्ली व हें काम सोडून दिलें. हॉल-एडवर्ड्स यांचाहि डावा हात १९०८ सालीं कापावा लागला.

बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनीं १९०१ सालींच गिनीपिगांवर प्रयोग करून हे किरण प्राणघातक ठरूं शकतात असें दाखविलें व शिशाचा आडोसा सुचविला. त्यांचें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. इंग्लंडांत संरक्षण-समिति निघाली ती १९२१ सालीं, आणि आंतरराष्ट्रीय समिति स्टॉकहोम येथें १९२८ सालीं. हँबुर्ग येथें १९३६ सालीं उभारलेल्या स्मारकावर अशा १६९ हुतात्म्यांचीं नांवें कोरलीं गेलीं. पुढें ती यादी वाढतच गेली.

हें सारें जुनें झालें, असें कोणी म्हणेल. पण आज हृदयाची रक्तवाहिनी मोकळी करणारे डॉक्टर व त्यांच्या परिचारिका क्ष-किरणांच्याच आधारें काम करतात. रोग्याच्या शरीरावरून विखुरलेले किरण त्यांच्या अंगावर येतात. रोग्यास हा मारा एखादे वेळीं, डॉक्टरास रोज. त्यानें डोळ्यांत मोतीबिंदू होऊं शकतो. म्हणून २०११ सालीं आंतरराष्ट्रीय आयोगानें नेत्रभिंगाची वार्षिक मर्यादा १५० मिलिसीव्हर्टांवरून, पांच वर्षांच्या सरासरीनें, २० वर आणली.

उपाय तीनच: वेळ थोडा, अंतर अधिक, आडोसा शिशाचा. अंतर दुप्पट केलें कीं मारा सुमारें चौथाई होतो. अंगावरचा मापक-बिल्ला हिशेब ठेवतो. पण तो खणांत पडून राहिला तर काय हिशेब ठेवणार? या नियमांमागें कोणाचीं तरी बोटें गेलेलीं आहेत. तेव्हां शिशाचा एप्रन जड वाटला, तरी तो खुंटीवर राहूं नये.