कुरणातली शाळा आणि सातचा भोंगा

मुलांचे लक्ष टिकत नाही, ही तक्रार मोबाइलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी मुलांविषयी ती अनेकदा केली गेली. पण याच भागात होळीच्या सुमारास बोहाडा होतो. मुखवटे घातलेली देवादिकांची सोंगे संबळाच्या तालावर नाचत येतात आणि लहानथोर रात्र जागून ती पाहतात. म्हणजे लक्ष होते. ते शाळेच्या वेळेत, शाळेच्या खोलीत सापडत नव्हते, इतकेच.

शेजारच्या डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखले. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम १९५७ मध्ये कोसबाडला गेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. हीच कुरणशाळा. पाने, बिया, खडे हे तिथले शैक्षणिक साहित्य. गाय भरकटली तर मूल उठणार, तिला वळवून आणणार आणि पुन्हा बसणार.

मोबाइलकडे गेलेले लक्ष असे परतत नाही. तिथे एक चित्र संपण्याआधी दुसरे हजर असते. वाचनावरही याचा परिणाम होत असावा. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे १ लाख ७१ हजार वाचक होते. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक चांगला समजतो, असे त्यात आढळले. गोष्टींच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. पडद्याची सवय वाढली तसा हा फरक कमी व्हायला हवा होता. तो उलट वाढत गेला होता.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळा मार्ग धरला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. नियम मोठ्यांनाही लागू होता, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. मालिका चालू ठेवून पोराला अभ्यासाला बसवणे कुणाला जमले आहे? तरी नुसत्या भोंग्याने भागले नाही. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांना घरोघर फिरावे लागले.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर हाच प्रयोग करायचा तर आधी पुस्तकांचे पाहावे लागेल. पडदा बंद झाला, पण घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील पान नाही, तर मूल वाचणार काय? शिवाय घरची बोली वारली, कोकणा किंवा कातकरी, आणि पुस्तकातली मराठी निराळी.