बसरूरची मोहीम (१६६५)

मालवणहून आरमार घेऊन शिवाजी महाराजांनी कर्नाटक किनाऱ्यावरील बसरूर या श्रीमंत बंदरावर फेब्रुवारी १६६५ मध्ये घातलेला छापा. महाराज स्वतः जहाजावर चढले अशी ही एकमेव मोठी सागरी स्वारी मानली जाते.

१६६४ च्या उत्तरार्धात कुडाळ प्रांतात विजापूरच्या खवासखानाला मागे रेटल्यावर, २५ नोव्हेंबर रोजी मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. तट अजून उभे राहत होते, तोच ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे दक्षिणेकडे निघाली. बसरूर बेदनूरच्या नायकांच्या राज्यात होते. खुश्कीने गेल्यास वाटेत गोव्याचा मुलूख आणि विजापूरची ठाणी लागत. फौजेची वार्ता फौजेच्या आधी पोचली असती. समुद्रावर ताफा दिसला, तरी तो कोठे उतरणार हे किनाऱ्यावरून कळत नसे. या दिवसांतला वायव्येचा वारा दक्षिणेकडे जाणाऱ्या शिडांना अनुकूल असतो आणि परतताना तोच आडवा येतो.

 

बसरूर लुटल्यावर महाराज गोकर्णास उतरले, शिवरात्रीचे तीर्थस्नान केले आणि बहुतेक ताफा परत धाडून दिला. नद्या उतरण्यापुरती १२ गलबते ठेवून सुमारे ४,००० पायदळासह ते अंकोल्यावरून कारवारकडे वळले. येथे अकस्मातपणा संपला, तोही योगायोगाने: विजापूरचा सरदार शेरखान त्याच रात्री कारवारात मुक्कामाला आला होता. स्वारीची त्याला कल्पना नव्हती. कळताच त्याने रातोरात बचावाची तयारी केली आणि आपण लढणार असल्याचा निरोप महाराजांना पाठवला. इंग्रज वखारवाल्यांनी कंपनीचा ऐवज आधीच नदीतील एका जहाजावर हलवला होता. महाराजांनी शहरावर हल्ला न करता काळी नदीच्या मुखाशी तळ दिला आणि खंडणी मागितली. व्यापाऱ्यांनी ती गोळा करून दिली. इंग्रजांचा वाटा ११२ पौंडांचा होता. २३ फेब्रुवारीस मराठ्यांनी तळ उठवला.