मारांडी

मारांडी : खाडीकाठच्या दलदलीत वाढणारे काटेरी, सदाहरित, क्षारसहिष्णू झुडूप. शास्त्रीय नाव अ‍ॅकँथस इलिसिफोलिअस, कुल अ‍ॅकँथेसी. लिनीअस यांनी १७५३ मध्ये या जातीचे वर्णन केले. अडुळसा व कोरांटी याच कुलातील असून तिवराचा समावेशही आता त्यातच करतात. प्रसार भारत व श्रीलंकेपासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. महाराष्ट्रात ठाणे खाडीसह कोकणातील खाड्यांत, तसेच गोव्यात भरतीच्या खाऱ्या पाण्यात गोडे पाणी मिसळते तेथे तिची दाट जाळी आढळते.

उंची सु. १–२ मी.; खोडाच्या तळाशी कधीकधी आधारमुळे फुटतात. पाने समोरासमोर, चिवट व चकचकीत. कडा काटेरी दातांच्या. पानांवरील ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात; कोरड्या हवेत त्याचे स्फटिक पृष्ठभागावर दिसतात. फुले निळसर जांभळी, शेंड्याकडील कणिशात येतात. पुष्पमुकुटाला वरचा ओठ नसतो, खालचा रुंद असतो, केसरदले ४. बोंड सु. २·५ सेंमी. लांब, ते पिकल्यावर तडकून चपट्या बिया दूर फेकते.

पारंपरिक औषधांत संधिवात व दम्यावर वापर होतो. दाट जाळीमुळे किनाऱ्याचा गाळ धरून ठेवला जातो.