चित्रफितीतील ओळख झाकताना

चेहरा धूसर केलेली व्यक्ती आणि तिचा जाडसर, बदललेला आवाज ही दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांच्या परिचयाची गोष्ट आहे. चित्रफीत अथवा ध्वनिमुद्रण जाहीर करण्यापूर्वी त्यातील संवेदनशील भाग झाकण्याच्या या प्रक्रियेस रिडॅक्शन असे म्हणतात. सरकारी कागदांवरील मजकुरावर काळी पट्टी ओढण्याची जी जुनी रीत आहे, तिचेच हे दृक्‌श्राव्य रूप होय. फरक एवढाच की कागदावरील शब्द जागचा हलत नाही. चित्रफितीतील चेहरा मात्र वळतो, खिडकीच्या काचेत उमटतो, दुसऱ्याच्या खांद्याआड जाऊन पुन्हा प्रकट होतो. आपल्याकडे प्रचलित असलेल्या प्रतिसेकंद २५ फ्रेमच्या हिशेबाने एका तासाच्या चित्रणात ९०,००० फ्रेम असतात. त्यांपैकी एका फ्रेममध्ये चेहरा उघडा राहिला, तरी चित्र थांबवून पाहणाऱ्यास ती एक फ्रेम पुरेशी ठरते.

भारतात ही केवळ संपादकीय सभ्यतेची बाब नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरविणारे कलम २२८-अ भारतीय दंड संहितेत १९८३ साली समाविष्ट करण्यात आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने घेतली असून त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. निपुण सक्सेना प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात ही बंदी केवळ नावापुरती नसल्याचे स्पष्ट केले. जिच्यावरून दूरान्वयानेही ओळख पटू शकेल अशी कोणतीही माहिती प्रसिद्ध करण्यास न्यायालयाने मनाई केली. बालकांच्या बाबतीत कायदा आणखी तपशिलात शिरतो. पॉक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील आणि शाळा यांच्या जोडीला शेजारपाजाराचाही उल्लेख आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकासही हेच संरक्षण देते.

या तरतुदी वाचल्यानंतर बातमीतील नेहमीचे दृश्य पुन्हा पाहावे. चेहरा धूसर केलेला असतो. परंतु गणवेशाचा रंग, दारावरील पाटी, ओसरीत बसलेले आजोबा आणि मागून हाक मारणारा आवाज तसाच असतो. अनोळखी प्रेक्षकाला त्यातून काही कळत नाही हे खरे. मात्र पीडित व्यक्तीला भीती असते ती अनोळखी प्रेक्षकाची नव्हे, तर गावातल्या, आळीतल्या, नात्यातल्या माणसांची.

धूसर करणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे

सॉफ्टवेअरचे काम सामान्यतः दोन टप्प्यांत चालते. प्रथम चेहरा अथवा वाहनाचा क्रमांक शोधला जातो आणि नंतर प्रत्येक फ्रेममध्ये त्याचा माग काढीत त्यावर आवरण घातले जाते. डाविंची रिझॉल्व्हसारख्या व्यावसायिक प्रणालींमध्ये ही सोय आहे. यूट्यूबने २०१२ मध्ये चेहरे धूसर करण्याचे साधन आणले आणि २०१६ मध्ये कोणतीही हलती वस्तू निवडून झाकण्याची मुभा दिली. यंत्राचे लक्ष समोरून दिसणाऱ्या, पुरेशा उजेडातील चेहऱ्यावर चांगले बसते. मान वळली, तोंडावर ओढणी आली, गाडीच्या दिव्यांनी चित्र पांढरे झाले, की माग सुटतो आणि काही फ्रेम उघड्या राहतात. त्यामुळे यंत्राने झाकलेली चित्रफीत संथ गतीने माणसाने पाहणे हा या कामाचा सर्वांत वेळखाऊ, पण अपरिहार्य भाग आहे.

आवरण कोणते घालावे, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. गोल पिळलेल्या चेहऱ्याच्या छायाचित्रांचे २००७ मधील प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. बालकांवरील अत्याचाराच्या छायाचित्रांत एका इसमाने स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा पिळून ओळखू न येण्याजोगा केला होता. जर्मनीच्या तपास यंत्रणेतील तज्ज्ञांनी तीच क्रिया उलट दिशेने करून चेहरा परत मिळविला, इंटरपोलने तो जाहीर केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या इसमास थायलंडमध्ये अटक झाली. येथे तंत्र फसले ते न्यायाच्या पथ्यावर पडले. पिळण्याची क्रिया माहितीची फक्त जागा बदलते, माहिती नष्ट करीत नाही, हे मात्र त्यातून सिद्ध झाले.

चौकोनी ठिपक्यांचे आवरण, ज्यास मोझेक म्हणतात, आणि सौम्य धूसरपणा यांची स्थिती थोडी बरी असली तरी निर्धोक नाही. टेक्सास विद्यापीठ व कॉर्नेल टेक येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की झाकलेल्या प्रतिमांवर प्रशिक्षण दिलेली संगणकप्रणाली अशा चेहऱ्यांमागील व्यक्ती ओळखू शकते. प्रणाली चेहरा नव्याने उभा करीत नव्हती. आधीच ठाऊक असलेल्या व्यक्तींपैकी ही कोण, एवढेच ती सांगत होती. परंतु व्यवहारात प्रश्न तेवढाच असतो. एखाद्या वाडीतील चाळीस घरांपैकी ही मुलगी कोणाची, हे शोधणाऱ्यास पूर्ण चेहरा लागतच नाही. म्हणूनच जेथे जिवाचा अथवा अब्रूचा प्रश्न आहे, तेथे सपाट, अपारदर्शक रंगाचा ठोकळा घालावा, हे मत ग्राह्य धरणे योग्य. तो दिसायला ओबडधोबड असतो, परंतु त्याखाली काहीही शिल्लक राहत नाही.

ठोकळ्याचा दोष असा की माणूसच दिसेनासा होतो. त्यावर एक वेगळा उपाय २०२० मधील ‘वेलकम टू चेचन्या’ या माहितीपटात योजण्यात आला. चेचन्यातून जीव वाचवून पळालेल्या समलिंगी व्यक्तींच्या चेहऱ्यांवर स्वयंसेवकांचे चेहरे संगणकाद्वारे बसविण्यात आले. भाव मूळ व्यक्तीचे, मुद्रा दुसऱ्याची. एका तरुणाने पत्रकार परिषदेत आपली ओळख जाहीर केली, त्या क्षणी उसना चेहरा विरून खरा चेहरा दिसू लागतो. हा खर्चिक मार्ग दैनंदिन बातम्यांना परवडणारा नाही, आणि उसना चेहरा वापरल्याचे प्रेक्षकास सांगितले नाही तर ती दिशाभूलच ठरेल.

आवाजाची अवघड बाजू

नाव, पत्ता अथवा दूरध्वनी क्रमांक उच्चारला गेला असेल तर तो भाग काढून त्या जागी शांतता अथवा १,००० हर्ट्‌झचा ‘बीप’ स्वर घातला जातो. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीत हे काम काही मिनिटांत होते. मूळ ध्वनी काढून त्या जागी बीप ठेवणे आणि मूळ ध्वनीवर बीप चढविणे यांतील भेद मात्र जाणला पाहिजे. दुसऱ्या प्रकारात शब्द खाली तसाच राहतो आणि ठरावीक कंपनाचा स्वर गाळून टाकणे हे ध्वनितंत्रज्ञास अवघड नसते. ध्वनिमुद्रणात डावी व उजवी अशा दोन वाहिन्या असल्यास बीप दोन्हींत पोहोचला की नाही, हेही तपासावे लागते. बीप अर्धा क्षण उशिरा सुरू झाला, तर नावाचे पहिले अक्षर ऐकू येते आणि मराठी आडनावांच्या बाबतीत तेवढे पुष्कळदा पुरते.

आवाज जाड अथवा बारीक करणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत कमकुवत पद्धत आहे. स्वराची पट्टी ज्या प्रमाणात उतरविली, त्याच प्रमाणात ती पुन्हा चढविता येते. प्रमाण ठाऊक नसले तरी पाच-दहा प्रयत्नांत ते सापडते. आणि पट्टी बदलून बोलण्याची लय, अडखळणे, श्वास घेण्याची जागा, तोंडी बसलेला शब्द यांपैकी काहीच बदलत नाही.

भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्यास याची जाणीव अधिक तीव्रतेने होते. साक्षीदार ‘मले’, ‘तुले’ म्हणाला की वऱ्हाड दिसू लागतो. ‘खंय’ हा एक शब्द सिंधुदुर्गाकडे बोट दाखवितो. ‘मोठ्या जाऊबाई’ अथवा ‘धाकटा दीर’ असा उल्लेख आला की बोलणारी व्यक्ती विवाहित स्त्री आहे आणि घरात तिचे स्थान कोणते, हे कळते. इंग्रजी वा हिंदी भाषांतरात हे बारकावे आपोआप पुसले जातात. मूळ मराठी ध्वनी मात्र त्याच चित्रफितीत मागे मंद आवाजात चालू ठेवण्याची प्रथा आहे. संवेदनशील मुलाखतीत ही प्रथा सोडून द्यावी, असे वाटते. निवेदन प्रमाण भाषेत लिहून घेऊन ते दुसऱ्या व्यक्तीच्या आवाजात वाचणे, आणि मूळ ध्वनी संपूर्ण काढून टाकणे, हा आजही सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. बोलीचा गोडवा त्यात जातो. तो जावाच लागतो. उपशीर्षकांची प्रतही याच दृष्टीने वाचली पाहिजे, कारण ध्वनीत झाकलेले नाव उपशीर्षकात राहून जाण्याचा धोका असतो.

फायलीच्या पोटात

चित्र व ध्वनी स्वच्छ झाले तरी फाइल बोलत राहते. अनेक मोबाईल फोन चित्रणाची तारीख, उपकरणाचा प्रकार आणि स्थळाचे अक्षांश-रेखांश फायलीत नोंदवितात. २०१२ च्या डिसेंबरमध्ये जॉन मॅकॅफी हे संगणक उद्योजक अज्ञातवासात असताना एका नियतकालिकाने त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यातील अशाच नोंदींवरून ते ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले. एक्झिफटूल या विनामूल्य साधनाने या नोंदी पाहता येतात.

कापलेला भागही नेहमी जातोच असे नाही. पुन्हा एन्कोड न करता झटपट कापलेल्या चित्रफितीत, पडद्यावर न दिसणाऱ्या काही फ्रेम फायलीत तशाच राहू शकतात. ऑडॅसिटीच्या ३.१ या आवृत्तीपासून कडेने छाटलेला ध्वनी प्रकल्पाच्या फायलीत जपला जातो, जेणेकरून तो परत आणता यावा. संपादकासाठी ही सोय आहे. ती फाइल बाहेर गेल्यास तीच गळती ठरते. तेव्हा प्रकल्पाची फाइल कोणासही देऊ नये आणि अंतिम प्रत नव्याने एन्कोड करूनच काढावी.

मूळ चित्रफितीला हात लावू नये, हा नियम पुराव्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अन्वये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात फायलीचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. फायलीतील एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलते. म्हणून झाकण्याचे काम नेहमी प्रतीवर करावे आणि काय, कोठे व कोणत्या कारणाने झाकले याची नोंद ठेवावी. अशी नोंद नसेल तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितींत सापडते. २० जून १९७२ रोजीच्या संभाषणातील साडेअठरा मिनिटे पुसलेली आढळली आणि ती किमान पाच वेगवेगळ्या वेळी पुसली गेल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी १९७४ मध्ये काढला. तो भाग परत मिळविण्याचा प्रयत्न अमेरिकी अभिलेखागाराने २००३ मध्ये सोडून दिला.

झाकण्याचा अतिरेकही होतो. अंगावरील कॅमेऱ्यांच्या चित्रफितींची प्रचंड मागणी आल्यानंतर अमेरिकेतील सिएटल पोलिसांनी डिसेंबर २०१४ मध्ये प्रोग्रॅमरांना पाचारण केले. पुढील वर्षी त्यांनी संपूर्ण चित्र धूसर व ध्वनी बंद केलेल्या चित्रफिती यूट्यूबवर ठेवल्या. कोणाचीही ओळख उघड झाली नाही. पोलीस कसे वागले, हेही फारसे कळले नाही. आपल्या माहिती अधिकार कायद्याचे कलम १० याबाबत समतोल सांगते: जो भाग देता येत नाही तो वगळून उर्वरित भाग द्यावा.

साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ मध्ये न्यायालयात साक्षीदाराचा चेहरा व आवाज बदलून दाखविण्याच्या सोयीचा समावेश आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी ती देशभर लागू केली. वृत्तकक्षात अंतिम प्रत प्रसिद्ध होण्यापूर्वी ती एकदा आवाज बंद करून पाहावी आणि एकदा पडदा झाकून ऐकावी. शक्य असेल तेथे ही शेवटची तपासणी ज्या व्यक्तीची ओळख झाकली आहे, तिच्यासमोरच करावी. कोणत्या कोपऱ्यातील कोणती वस्तू शेजारी ओळखतील, हे तिला ठाऊक असते.